स्टेरॉइड औषधे आणि धावण्याचा सराव

स्टेरॉइड औषधे आणि धावण्याचा सराव : दमा, संधिवाताभ संधिशोथ, आंत्रशोथ, वृक्कविकार यांसारख्या रोगांवर वैद्याने दिलेली अधिवृक्क बाह्यक स्टेरॉइडे चालू असताना एखादी व्यक्ती धावण्याच्या शर्यतीची तयारी करीत असेल, तर औषध आणि व्यायाम यांचा तिच्या शरीरावर एकत्रित परिणाम होतो. स्नायू, अस्थी, कंडरा, रक्तशर्करा, झोप व रोगप्रतिकारक्षमता या सर्वांशी या परिणामाचा संबंध येतो. औषध एकाएकी बंद केल्यास जिवास धोकाही उद्‌भवू शकतो.

हा प्रश्न एके काळी निवडक खेळाडूंपुरता मर्यादित होता, आता तो तसा राहिलेला नाही. शहरोशहरी मॅरॅथॉन शर्यती होतात. मुंबईची शर्यत २००४ पासून, तर सातारा येथील डोंगरी अर्धमॅरॅथॉन २०१२ पासून भरते. साताऱ्याच्या शर्यतीत धावपटू शहरातून निघून यवतेश्वरचा घाट चढतात, कासच्या रस्त्यावर जातात व त्याच वाटेने परत उतरतात. अंतर २१·१ किमी. असते. डोंगराच्या पलीकडे वेण्णा नदीच्या खोऱ्यात जावळी तालुक्याचे मुख्य ठिकाण मेढा आहे. तेथून केळघर घाटाने महाबळेश्वरकडे जाणारा रस्ता चढाचा असून पावसाळ्यात तो धुक्याने भरलेला असतो. अशा रस्त्यांवर पहाटे धावणारे सगळेच हौशी नसतात. पोलीस भरतीच्या शारीरिक चाचणीत पुरुषांना १,६०० मी. व स्त्रियांना ८०० मी. धावावे लागते आणि त्या काही मिनिटांवर पुष्कळ घरांची आशा अवलंबून असते. या धावणाऱ्यांत दम्याचा पंप वापरणारे, सांधेदुखीसाठी गोळ्या घेणारे आणि गजकर्णावर मलम चोळणारे तरुण-तरुणी असतात. पंपात, गोळ्यांत आणि मलमात बहुधा एकाच वर्गातील द्रव्ये असतात, याची कल्पना मात्र अनेकांना नसते.

दोन भिन्न वर्ग : ‘स्टेरॉइड’ हे रासायनिक संरचनेवरून पडलेले नाव आहे. चार वलये एकमेकांस जोडलेली असा कार्बन अणूंचा सांगाडा ज्या संयुगांत असतो, त्या सर्वांस ही संज्ञा लावतात. कोलेस्टेरॉल, पित्ताम्ले, ड जीवनसत्त्वाशी निगडित द्रव्ये, स्त्री-पुरुष हॉर्मोने व अधिवृक्क ग्रंथीची हॉर्मोने ही सर्व या कुलातील आहेत. त्यांपैकी टेस्टोस्टेरोन व त्यासारखी कृत्रिम द्रव्ये स्नायूंतील प्रथिनांची बांधणी वाढवितात. त्यांना उपचयी स्टेरॉइडे म्हणतात. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये १०० मी. धावण्याच्या शर्यतीचे सुवर्णपदक बेन जॉन्सन यांच्याकडून काढून घेण्यात आले, ते याच वर्गातील स्टॅनोझोलॉल सापडल्यामुळे. प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, ब्यूडेसोनाइड इ. अधिवृक्क बाह्यक स्टेरॉइडांचे स्नायूंवरील कार्य जवळजवळ याच्या उलट असते, कारण ती प्रथिनांचे विघटन वाढवितात.

नावाच्या या साम्यामुळे दोन्ही बाजूंनी नुकसान होते. ‘पंपात स्टेरॉइड आहे’ असे ऐकून एखादा दमेकरी तरुण भरतीच्या आधी पंप टाकून देतो आणि ऐन चाचणीत त्याला धाप लागते. दुसरा एखादा स्नायू कमावण्याच्या अपेक्षेने प्रेडनिसोलोनच्या गोळ्या परस्पर घेतो. त्याची भूक वाढते, चेहरा भरतो, वजन वाढते व प्रकृती सुधारल्याचा भास होतो. ही सुधारणा मुख्यतः वसा आणि शरीरात साठून राहिलेले पाणी यांची असते.

इतिहास : अधिवृक्क ग्रंथी जगण्यास आवश्यक आहेत, हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लक्षात आले. टॉमस ॲडिसन या इंग्रज वैद्याने या ग्रंथी नष्ट झाल्यामुळे होणाऱ्या रोगाचे वर्णन १८५५ मध्ये प्रसिद्ध केले. पुढील वर्षी ब्राउन-सेकार यांनी, ग्रंथी काढून टाकलेले प्राणी जगत नाहीत, असे प्रयोगाने दाखविले. बाह्यकातील द्रव्ये वेगळी करण्याचे काम १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेत एडवर्ड केंडल व स्वित्झर्लंडमध्ये टाडेउश राइखश्टाइन यांनी केले. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी सप्टेंबर १९४८ मध्ये संधिवाताभ संधिशोथाने जखडलेल्या एका तरुण स्त्रीस कॉर्टिसोनाची अंतःक्षेपणे दिली आणि थोड्याच दिवसांत ती हिंडूफिरू लागली. या तिघांना १९५० चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. औषध थांबविताच रोग उलटतो आणि ते चालू ठेवल्यास इतर उपद्रव उद्‌भवतात, हेही पहिल्या दोन-तीन वर्षांतच कळून चुकले. त्यानंतर १९५५ च्या सुमारास प्रेडनिसोन व प्रेडनिसोलोन आणि १९५८ च्या सुमारास डेक्सामेथासोन ही द्रव्ये प्रचारात आली. दम्यासाठी श्वासावाटे घ्यावयाचे बेक्लोमेथासोन १९७२ पासून ब्रिटनमध्ये मिळू लागले. दमेकऱ्याच्या दृष्टीने हा बदल सर्वांत महत्त्वाचा होता, कारण गोळीच्या मात्रेच्या अत्यल्प अंशात फुप्फुसापुरते काम होऊ लागले.

सामान्य भारतीय वाचकास हे नाव करोना साथीत परिचित झाले. कृत्रिम प्राणवायूची गरज असलेल्या रुग्णांना डेक्सामेथासोन दररोज ६ मिग्रॅ. दिल्यास मृत्यूचे प्रमाण घटते, असे ब्रिटनमधील मोठ्या चाचणीत २०२० मध्ये दिसून आले. प्राणवायूची गरज नसलेल्यांना त्यापासून लाभ दिसला नाही. तरीही २०२१ च्या लाटेत ते सरसकट व मोठ्या मात्रेत वापरले गेले. त्याच वर्षी महाराष्ट्रात आढळलेल्या श्लेष्मबुरशीच्या रोगाशी, म्हणजे म्यूकरमायकोसिसशी, अनियंत्रित मधुमेहाबरोबर या वापराचाही संबंध जोडला जातो.

शरीरक्रियाविज्ञान : मानवाच्या अधिवृक्क बाह्यकातून स्रवणारे मुख्य ग्लुकोकॉर्टिकॉइड म्हणजे कॉर्टिसॉल होय. त्याच्या स्रावावर पोष ग्रंथीचे आणि पोष ग्रंथीवर अधोथॅलॅमसाचे नियंत्रण असते. रक्तात कॉर्टिसॉल वाढले की, वरच्या दोन्ही केंद्रांचा उत्तेजक संदेश मंदावतो. पहाटे स्राव वाढतो, जाग येण्याच्या सुमारास तो कमाल असतो व मध्यरात्री किमान असतो. प्रेडनिसोलोनाची गोळी सकाळी न्याहारीनंतर घेण्यास सांगतात, ती या नैसर्गिक लयीशी जुळावी आणि रात्रीची झोप बिघडू नये म्हणून.

धावणे हा शरीरावरचा एक ताणच आहे. सावकाश धावण्याने कॉर्टिसॉलात फारसा फरक पडत नाही. जोमदार किंवा दीर्घकाळ चाललेल्या धावण्यात मात्र त्याचा स्राव वाढतो. त्यामुळे यकृतातून ग्लुकोजाचा पुरवठा चालू राहतो, वसेचे विघटन होऊन इंधन मिळते, रक्तवाहिन्यांचा ताण टिकतो आणि श्रमाने होणारा शोथ मर्यादेत राहतो. निरोगी धावपटूत ही वाढ काही तासांत ओसरते. औषधाच्या रूपाने बाहेरून हेच द्रव्य रोज दिले, तर चढउतार नाहीसा होतो आणि गरजेच्या वेळी स्राव वाढविण्याची ग्रंथीची क्षमता क्षीण होते. धावपटूसंबंधीच्या बहुतेक सूचना या एका गोष्टीतून निघतात.

मात्रा व देण्याचे मार्ग : निरनिराळ्या द्रव्यांची शक्ती भिन्न असते. प्रेडनिसोलोन ५ मिग्रॅ., हायड्रोकॉर्टिसोन २० मिग्रॅ., मिथिलप्रेडनिसोलोन ४ मिग्रॅ., डिफ्लाझाकॉर्ट ६ मिग्रॅ. व डेक्सामेथासोन ०·७५ मिग्रॅ. या मात्रा साधारणपणे समान मानतात. ज्यांच्या ग्रंथी निकामी झाल्या आहेत, त्यांना हायड्रोकॉर्टिसोनाच्या रूपात दिवसाला १५ ते २५ मिग्रॅ. द्यावे लागते. यावरून ४० मिग्रॅ. प्रेडनिसोलोन ही शरीराच्या स्वतःच्या उत्पादनाच्या कित्येक पट मात्रा आहे, हे ध्यानात येईल. दम्याच्या पंपातील मात्रा मात्र मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. दिवसाला २०० ते ४०० मायक्रोग्रॅम ब्यूडेसोनाइड ही नेहमीची मात्रा ०·२ ते ०·४ मिग्रॅ. एवढीच भरते. तीही बव्हंशी श्वासमार्गातच काम करते आणि गिळला गेलेला भाग यकृतात मोठ्या प्रमाणात निष्क्रिय होतो. फवाऱ्यानंतर चूळ भरून टाकल्यास घशातील बुरशीचा संसर्ग व आवाज बसणे हे उपद्रवही टळतात.

धावणाऱ्याच्या दृष्टीने औषध घेणाऱ्यांचे चार गट पडतात. पंप किंवा नाकातील फवारा वापरणाऱ्यांनी औषध नियमित चालू ठेवून नेहमीसारखा सराव करावा. जगातील उत्तम धावपटूंत दमेकरी झाले आहेत. लंडन येथे २००३ मध्ये २ तास १५ मिनिटे २५ सेकंदांत मॅरॅथॉन धावून जागतिक विक्रम करणाऱ्या पॉला रॅडक्लिफ यांना लहानपणापासून व्यायामजन्य दमा होता. इथिओपियाचे हाइले गेब्रसेलासी यांनी २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमधील मॅरॅथॉनमधून माघार घेतली, ती तेथील प्रदूषित हवा आपल्या दम्यास मानवणार नाही म्हणून. केवळ श्वासनलिका रुंदावणाऱ्या सॅल्ब्यूटामॉलावर विसंबून राहू नये, असे दम्याविषयीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात २०१९ पासून स्पष्टपणे सांगितले जाते. मूळ विकार शोथाचा असल्याने स्टेरॉइडाचा अंश असलेला पंपच पायाभूत उपचार ठरतो. [⟶ दमा].

दुसरा गट थोड्या दिवसांचा उपचार घेणाऱ्यांचा. दमा उसळला असता प्रौढांस प्रेडनिसोलोन ४० ते ५० मिग्रॅ. सामान्यतः पाच ते सात दिवस देतात. एवढ्या मुदतीनंतर मात्रा पायरीपायरीने उतरविण्याची बहुधा गरज नसते. गोळीने दोनच दिवसांत हुरूप वाटू लागतो आणि रुग्ण पुन्हा रस्त्यावर येतो. हा हुरूप फसवा असतो. श्वासनलिकांचा शोथ पुरता ओसरलेला नसतो, झोप उणावलेली असते आणि ज्या संसर्गाने दमा उसळला तो शरीरात असतो. फुप्फुसातील हवेचा कमाल वेग मोजण्याचे साधे उपकरण घरी असल्यास, त्याचा आकडा नेहमीच्या पातळीवर येईपर्यंत वेगाचा सराव व चढ टाळावा.

तिसरा गट आठवडे वा महिने गोळ्या घेणाऱ्यांचा. संधिवाताभ संधिशोथ, ल्यूपस, व्रणीय बृहदांत्रशोथ, अपवृक्कीय लक्षणसमूह, कुष्ठरोगातील प्रतिक्रिया इ. विकारांचे रुग्ण यात येतात. पुढील परिच्छेद मुख्यतः त्यांना लागू आहेत. चौथा गट सांध्यात किंवा कंडरेजवळ अंतःक्षेपण घेणाऱ्यांचा असून त्याचा विचार पुढे केला आहे.

स्नायू : दीर्घकालीन मात्रेने स्नायूंतील प्रथिने झिजतात. ही झीज सर्व तंतूंत सारखी नसते. झटपट आकुंचन पावणारे तंतू अधिक क्षीण होतात आणि खुबा, मांडी व खांदा यांचे स्नायू प्रथम बाधतात. त्यामुळे रुग्णास सपाटीवर फरक जाणवत नाही. उकिडवे बसून उठताना, जिना किंवा घाट चढताना मांड्यांत बळ नसल्याचे कळते. वेदना नसते आणि स्नायुविकारात वाढणारे रक्तातील विकर या प्रकारात बहुधा प्राकृत राहते. मेढ्याकडून केळघरच्या चढाला लागणाऱ्या धावपटूचा वेग महिन्याभरात सपाटीवर तोच राहून चढावर घसरत असेल, तर कारण सरावाच्या उणिवेत न शोधता औषधाच्या मात्रेत शोधावे. डेक्सामेथासोन व ट्रायअम्सिनोलोन या फ्लुओरीनयुक्त द्रव्यांनी हा विकार अधिक होतो. मात्रा उतरविल्यावर तो आठवड्यांत ते महिन्यांत भरून येतो. व्यायामाने ही झीज पुष्कळ अंशी रोखता येते. म्हणून गोळी चालू आहे या कारणास्तव सर्व हालचाल बंद करण्याचा सल्ला आता दिला जात नाही. आठवड्यातून दोनदा बैठका व वजने यांसारखा प्रतिरोधक व्यायाम आणि आहारात डाळी, अंडी, दूध, मासे यांतून पुरेसे प्रथिन असल्यास मांड्यांचे बळ राखता येते.

अस्थी : अस्थिघटकांचा ऱ्हास उपचाराच्या पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सर्वांत जलद होतो. कशेरुका, बरगड्या व खुबा यांतील जाळीदार अस्थी प्रथम विरळ होतात. दिवसाला ५ मिग्रॅ.च्या आसपास प्रेडनिसोलोन ही अल्प मात्रा मानली जाते, परंतु तेवढ्यानेही अस्थिभंगाचा संभव वाढतो. तीन महिन्यांहून अधिक काळ गोळी चालणार असेल, तर आहार व पूरक मिळून दिवसाला सु. १,००० ते १,२०० मिग्रॅ. कॅल्शियम व ६०० ते ८०० एकक ड जीवनसत्त्व मिळावे, असे सांगतात. अधिक धोका असलेल्यांना अस्थिरक्षक औषधे देतात. नाचणी व दूध ही जावळीच्या डोंगराळ भागात सहज मिळणारी कॅल्शियमाची साधने आहेत.

धावपटूच्या अस्थींवर प्रत्येक पावलागणिक आघात होतो व उतारावर तो वाढतो. यवतेश्वरचा चढ दमवितो हे सर्वांना माहीत असते, पण नडगीच्या हाडाला उताराचा त्रास अधिक होतो. वारंवार पडणाऱ्या अशा ताणाने हाडास सूक्ष्म तडा जाणे, म्हणजे प्रतिबल अस्थिभंग, हा धावपटूंचा नेहमीचा आजार आहे. स्टेरॉइडाने तो होण्याचा संभव वाढतो आणि शोथ दबल्यामुळे त्याची वेदनाही मंदावते. ज्या दुखण्याने एरवी माणूस थांबला असता, त्यावर तो धावत राहतो. नडगी, पायाचा चवडा किंवा जांघ यांत एका ठराविक बिंदूशी दुखत असेल व धावताना ते वाढत असेल, तर क्ष-किरण चित्र प्राकृत आले तरी समाधान मानू नये. सुरुवातीस त्यात तडा दिसत नाही.

जांघेतील दुखण्याचे आणखी एक कारण आहे. स्टेरॉइडाने ऊर्वस्थिशीर्षाचा, म्हणजे मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याचा, रक्तपुरवठा तुटून तो भाग मृत होऊ शकतो. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील अस्थिशल्यचिकित्सकांनी २०२१ मध्ये करोनातून बरे झालेल्या तीन रुग्णांत हा विकार आढळल्याचे प्रसिद्ध केले. त्यांना एकूण मिळालेल्या औषधाची सरासरी प्रेडनिसोलोनाच्या हिशेबात ७५८ मिग्रॅ. होती आणि करोनाच्या निदानानंतर सरासरी ५८ दिवसांत लक्षणे दिसू लागली होती. पूर्वी यासाठी सु. २,००० मिग्रॅ. व सहा महिने ते एक वर्ष असा हिशेब धरला जाई. चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमेने हा विकार लवकर ओळखता येतो. लवकर कळल्यास शीर्ष वाचविण्याचे प्रयत्न करता येतात आणि ते खचल्यावर कृत्रिम सांधा बसवावा लागतो. स्टेरॉइड घेतलेल्या धावपटूने जांघेतील दुखणे अंगावर काढू नये, ते या कारणासाठी.

कंडरा व स्थानिक अंतःक्षेपण : टाच किंवा गुडघा दुखत असता शर्यतीच्या तोंडावर ‘सुई टोचून घेण्याची’ पद्धत हौशी धावपटूंत रूढ होत आहे. सांध्याच्या पोकळीत योग्य कारणासाठी दिलेले अंतःक्षेपण उपयुक्त ठरते. घोट्यामागील जाड कंडरेत औषध शिरल्यास तिचे तंतू दुर्बल होऊन ती तुटण्याची भीती असते, म्हणून तेथे ते बहुधा टाळतात. तळपायाच्या पटलाच्या दुखण्यावर दिलेल्या अंतःक्षेपणानंतरही ते पटल तुटल्याची उदाहरणे आहेत. वेदना नाहीशी झाली म्हणजे ऊतक बरे झाले असे नव्हे. अंतःक्षेपणानंतर एक ते दोन आठवडे धावणे बंद ठेवून नंतर भार हळूहळू वाढवावा. शर्यतीस दहा दिवस उरले असता असे अंतःक्षेपण घेण्यापेक्षा ती शर्यत सोडणे शहाणपणाचे ठरते. सिप्रोफ्लॉक्सासीन, लिव्होफ्लॉक्सासीन इ. प्रतिजैविके स्टेरॉइडाबरोबर घेतल्यास कंडरा तुटण्याचा संभव आणखी वाढतो. मूत्रमार्गाच्या व पोटाच्या संसर्गासाठी ती सर्रास दिली जातात, त्यामुळे दुसऱ्या वैद्याकडे जाताना चालू औषधांची यादी जवळ असावी.

इतर परिणाम : सकाळी घेतलेल्या प्रेडनिसोलोनाने रक्तशर्करा मुख्यतः दुपारी व सायंकाळी वाढते, म्हणून पहाटे उपाशीपोटी केलेल्या तपासणीत ती सुटू शकते. रक्तदाब व शरीरातील पाणी वाढते. अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या जोडीला घेतल्यास जठरात व्रण होऊन रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो आणि लांब धावताना पाणी कमी पडल्यास वृक्कांवर ताण येतो. निद्रानाश, चिडचिड वा अवास्तव उत्साह हेही औषधाचेच परिणाम असू शकतात. दीर्घकालीन उपचारात मोतीबिंदू व काचबिंदू यांसाठी नेत्रतपासणी करतात. दडलेला क्षयरोग मोठ्या मात्रेने पुन्हा जागा होऊ शकतो. तीन आठवड्यांवर खोकला, सायंकाळी कणकण व घटते वजन ही लक्षणे अतिसरावाची समजून दुर्लक्षू नयेत.

अधिवृक्क न्यूनता : तीन-चार आठवड्यांहून अधिक काळ ५ मिग्रॅ. वा त्याहून जास्त प्रेडनिसोलोन घेतलेल्या व्यक्तीची स्वतःची ग्रंथी मंदावलेली असते, असे गृहीत धरावे. औषध एकदम थांबविले, तर ग्रंथी लगेच कामाला लागत नाही. तिला काही आठवडे, क्वचित वर्षभरही लागते. या काळात मळमळ, उलट्या, पोटदुखी, अतिशय थकवा, उभे राहताच भोवळ येणे व रक्तदाब घसरणे ही लक्षणे उद्‌भवून रुग्ण दगावू शकतो. उन्हात किंवा लांब पल्ल्याच्या शर्यतीत कोसळलेला धावपटू उष्माघाताचा असेल, पाणी कमी पडल्याचा असेल वा शर्करा घटल्याचा असेल, पण तो याही कारणाने कोसळलेला असू शकतो. अशा वेळी हायड्रोकॉर्टिसोन १०० मिग्रॅ.चे अंतःक्षेपण व शिरेतून लवणद्राव हा तातडीचा उपचार असतो. हे औषध राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. उपचार सोपा आहे, पण रुग्ण स्टेरॉइड घेतो हे कोणाला ठाऊक नसेल तर तो सुचतच नाही. छातीवरील क्रमांकपट्टीच्या मागील बाजूस औषधाचे नाव, मात्रा व आप्ताचा दूरध्वनी क्रमांक लिहून ठेवावा आणि खिशात उपचारपत्र बाळगावे.

गोळी उतरविण्याच्या काळात सांधे व स्नायू दुखणे, निरुत्साह आणि थकवा ही लक्षणे मात्रा पुरेशी असतानाही येतात. सरावाचा शीण आणि औषध उतरविण्याचा शीण यांत भेद करणे धावपटूस स्वतःला कठीण जाते. त्यामुळे एका वेळी एकच गोष्ट बदलावी. ज्या आठवड्यात मात्रा उतरवायची, त्या आठवड्यात धावण्याचे अंतर वाढवू नये. ताप, जुलाब किंवा दुखापत झाल्यास मात्रा किती वाढवावी, हे वैद्याकडून आधीच लिहून घेतलेले असावे. उलटीमुळे गोळी पोटात ठरत नसेल, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

ॲडिसन रोगाच्या रुग्णांना हायड्रोकॉर्टिसोन आयुष्यभर घ्यावे लागते. अशा व्यक्तीही लांब पल्ल्याच्या शर्यती धावतात. रोजच्या तासाभराच्या धावण्यासाठी त्यांना जादा मात्रेची सामान्यतः गरज नसते. मॅरॅथॉनसारख्या दीर्घ श्रमापूर्वी मात्र वैद्याच्या सल्ल्याने थोडे अधिक औषध घेतात. त्यांच्या शरीरात लवण राखणारे ॲल्डोस्टेरोनही नसल्याने घामावाटे गेलेल्या मिठाची भरपाई इतरांपेक्षा अधिक काळजीने करावी लागते. त्यांनी नुसते पाणी पीत राहणे धोक्याचे असते. मीठ घातलेले ताक किंवा लिंबाचे सरबत अधिक बरे.

मलमे व अनोळखी चूर्णे : सातारा जिल्ह्याच्या पश्चिम भागात पाऊस मुबलक पडतो. ओल्या कपड्यांत तासन्‌तास सराव केल्याने जांघेत गजकर्ण होते. औषधाच्या दुकानातून आणलेल्या मिश्र मलमात बुरशीनाशकाबरोबर क्लोबेटासोलसारखे तीव्र स्टेरॉइड असते. त्याने खाज दोन दिवसांत थांबते व बुरशी आत पसरत राहते. पुढे त्वचा पातळ होऊन चट्टे पडतात आणि नेहमीच्या औषधांना दाद न देणारे गजकर्ण उरते. केंद्र शासनाने २०१८ मध्ये अशा अनेक स्टेरॉइड मलमांची विक्री वैद्याच्या चिठ्ठीविना करण्यास बंदी केली. त्याहून घातक प्रकार सांधेदुखी व दमा यांवर विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या पुड्यांचा. त्यांत डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन मिसळलेले वेळोवेळी आढळले आहे. पुडीने चमत्कार होतो, ती संपली की रुग्ण गळून जातो आणि कारण कळत नाही, कारण आपण स्टेरॉइड घेतले हेच त्याला माहीत नसते. स्पर्धेतील तपासणीत सापडल्यास ही अनभिज्ञता बचाव म्हणून सहसा पुरत नाही.

स्पर्धाविषयक नियम : ग्लुकोकॉर्टिकॉइडांनी धावण्याची क्षमता वाढते काय, याविषयी मतभेद आहेत. एका मात्रेने फारसा फरक पडत नाही. तथापि आठवडाभर मोठी मात्रा दिल्यावर निरोगी तरुण ठराविक श्रमपातळीवर अधिक वेळ टिकतात, असे सायकलवरील प्रयोगांत दिसले आहे. वेदना व थकव्याची जाणीव कमी होते, हेही खरे. याचा गैरफायदा घेतला गेला आहे. १९९९ च्या फ्रान्समधील सायकल शर्यतीत लान्स आर्मस्ट्राँग यांच्या मूत्रात ट्रायअम्सिनोलोन सापडले, तेव्हा त्वचेच्या मलमाची चिठ्ठी पुढे करण्यात आली. ती मागील तारखेची होती, अशी साक्ष २०१२ मधील चौकशीत नोंदली गेली.

जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या नियमांप्रमाणे उपचयी स्टेरॉइडे सर्वकाळ निषिद्ध आहेत. ग्लुकोकॉर्टिकॉइडे केवळ स्पर्धाकालात निषिद्ध असून तीही तोंडावाटे, गुदमार्गे व अंतःक्षेपणाने घेतली असता. सांध्यातील व कंडरेजवळील अंतःक्षेपणांचा समावेश या निषेधात १ जानेवारी २०२२ पासून झाला. श्वासावाटे, नाकात, डोळ्यांत व त्वचेवर विहित मात्रेत वापरण्यास हरकत नाही. दम्याच्या पंपातील सॅल्ब्यूटामॉलास २४ तासांत १,६०० मायक्रोग्रॅम आणि कोणत्याही ८ तासांत ६०० मायक्रोग्रॅम अशी मर्यादा आहे. स्पर्धाकाल आदल्या रात्री ११ वाजून ५९ मिनिटांनी सुरू होतो. त्याआधी औषध शरीरातून उतरण्यास लागणारा किमान अवधीही संस्थेने सांगितला आहे. तो प्रेडनिसोलोनाच्या गोळीस तीन दिवस, तर स्नायूत दिलेल्या ट्रायअम्सिनोलोनास साठ दिवस एवढा भिन्न आहे.

तीन दिवसांचा हा हिशेब अल्पकालीन उपचार संपविलेल्यांसाठी आहे. महिनोन्‌महिने गोळी घेणाऱ्याने नियमात बसण्यासाठी ती शर्यतीपूर्वी तीन दिवस बंद करणे म्हणजे वर वर्णिलेले संकट ओढवून घेणे होय. त्याच्यासाठी उपचारार्थ वापराच्या सवलतीची तरतूद आहे. रोगाचे निदान, तपासण्या आणि पर्यायी उपचार का चालत नाही याचे वैद्याचे निवेदन यांसह अर्ज करावयाचा असतो. भारतात तो राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेकडे करतात. राष्ट्रीय उत्तेजकविरोधी अधिनियम, २०२२ मुळे या संस्थेस वैधानिक आधार मिळाला आहे. राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय पातळीवरील खेळाडूंनी स्पर्धेपूर्वी पुरेसा अवधी ठेवून अर्ज करावा लागतो. हौशी धावपटूची तपासणी झाल्यास त्याला नंतरही अर्ज करता येतो. मात्र उपचारपत्रे व तपासण्यांचे कागद त्या तारखेपूर्वीचे असावे लागतात. तातडीच्या प्रसंगी दिलेल्या अंतःक्षेपणासाठीही मागाहून सवलत मिळते, त्यामुळे रस्त्यात कोसळलेल्या धावपटूस हायड्रोकॉर्टिसोन देताना नियमांचा विचार करीत थांबण्याचे कारण नाही.